फाट्यापर्यंतचा रस्ता

माझ्या धाकट्या भावाला सरळ काम सांगावं आणि त्यानं ते वाकडं करून ठेवावं, हे आमच्या घरात ठरलेलंच. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत खेळण्यांचं दुकान लाव म्हटलं, तर पठ्ठ्यानं गेम मांडला. जुन्या मोटारसायकलचं हँडल, पुढं मोठा टीव्ही आणि त्यावर आमच्या गावाहून औंढ्याकडं जाणारा खराखुरा रस्ता. गाडीला मोबाइल बांधून त्याचं शूटिंग यानंच केलेलं. वळण आलं की हँडल वळवायचं, शेळ्या आडव्या आल्या की ब्रेक दाबायचा. चुकलं किंवा हात सुटला, की पडदा काळा. मग पुन्हा गावापासून सुरू.

सगळे एकाच जागी आपटायचे. नागनाथाच्या देवळाचं शिखर दिसलं, की हात आपसूक हँडलवरून सुटून जोडले जायचे. झालं, गेम खलास! तिथून वाचलेले पुढं दर्ग्यापाशी सलाम करताना पडायचे. लोक पोट धरून हसून राहिले होते. माय येईपर्यंत मीही हसत होते.

पडद्यावर शिखर आणि दर्गा यांच्या मधल्या फाट्यावर आमचे वडील उभे होते. शूटिंगच्या दिवशी ते तिथं हळद वाळत घालत होते, अन् लेकाला बघून त्यांनी हात वर केला होता. पुढं वर्षाच्या आत ते गेले. हलता-बोलता बाप आमच्याकडं तेवढाच उरलाय.

माय हँडल धरून बसली आणि शिखर दिसताच हात जोडून मोकळी झाली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. भाऊ म्हणाला, तेवढा तुकडा काढून तुझ्या मोबाइलवर टाकतो. ती नको म्हणाली. मग मी चालवते, तू नुसतं बघ, असं मी म्हटलं, तर माझ्यावरच उखडली.

"जन्मभर दुसऱ्याच्या मागं बसूनच फिरले. त्यांच्याकडं मी माझी जाईन."

माझं डोकं फिरलं. एक नमस्कार राहिला तर देव रुसत न्हाई, असं मी फणकाऱ्यानं बोलले. पण आतून मला भीती वाटत होती. हिला जमलं नाही, तर ही घरी जाऊन स्वतःलाच बोल लावत बसणार.

पुन्हा शिखर आलं. मायनं मूठ आणखी आवळली.

"नागनाथा," ती पुटपुटली, "आज हात मोकळे न्हाईत."

हात सुटले नाहीत. फाटा आला. डोईला रुमाल, हळदीनं पिवळे झालेले हात, आमचे वडील आले. त्यांनी हात वर केला, आणि टीव्हीतून आवाज आला, "हळू जाय रे."

मायनं ब्रेक दाबला. चांगला घट्ट दाबला. पण तिथं ब्रेकचा काही उपयोग नव्हता, कारण त्या दिवशी भाऊच थांबला नव्हता. रस्ता तसाच पुढं पळाला आणि वडील पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनासे झाले. मायनं गाडीवरून बघतात तशी मान वळवून मागं बघितलं. मागं रांगेतली अनोळखी माणसं उभी होती.

"तू थांबला न्हाईस व्हय रे?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"येताना थांबू म्हटलं होतं, माय," भाऊ खाली बघून म्हणाला. "येताना अंधार पडला."