सहा बोटांची भेग

मी धान्याचा माणूस आहे. पोत्यात परखी खुपसली आणि तूर तळहातावर आली, की ती यंदाची की गेल्या सालची हे दाताखाली धरण्याआधीच मला कळतं. लातूरच्या मोंढ्यात माझी आडत आहे. ती मला कुणी दिलेली नाही. भाव करताना माझा आवाज चढतो हे अख्ख्या मोंढ्याला माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

त्याआधी मी नांदेडला एका गुत्तेदाराकडे, म्हणजे कंत्राटदाराकडे, टिपर चालवायचो. मुरूम, खडी, वाळू. त्याच्या पोर्चमध्ये सायीच्या रंगाची एक परदेशी गाडी उभी असायची. ॲटोमॅटिक. तेव्हा अशी गाडी आम्ही दुसरीकडे पाहिलीच नव्हती. एके दिवशी ती टिपरच्या वाटेत आडवी होती आणि चावी आतच होती. बाजूला घ्यावी म्हणून मी दार उघडलं, तेवढ्यात पायरीवरून मालकांचा आवाज आला, "टिपरचे हात तिला लावू नको. क्लच हुडकत बसशील. हिला क्लच नसतोय."

सगळे ड्रायव्हर हसले. मी दार लावलं. पुढे नोकरी सोडली, लातूरला आलो, हमाली केली, दलाली केली, स्वतःची गादी घातली. पण ते हसणं मी बरोबर घेऊन आलो होतो. अठ्ठावीस वर्षं ते माझ्यापाशी होतं.

मागच्या वर्षी कळलं की तो गुत्तेदार, आता म्हातारा झालेला, ती गाडी विकतोय. गुडघे गेले होते आणि मुलांना ती नको होती. मी दुसऱ्याच दिवशी नांदेड गाठलं. सकाळच्या चहाला बसलो तो दुपारचं जेवण टळेपर्यंत भाव चालला. दोनदा मी उठून फाटकापर्यंत गेलो, एकदा तो उठून आत गेला. शेवटी जमलं, पण मी एक अट घातली: गाडीसोबतचं जे काही सामान असेल ते सगळं माझं. जॅक, हँडल, स्टेपनी, कव्हर, सगळं.

"ने बाबा, खिळासुद्धा ठिवू नको," तो म्हणाला.

"ठीक हाय मालक," मी म्हणालो. 'मालक' हा शब्द तोंडातून गेला आणि लोहा गाव येईपर्यंत मी स्वतःवरच चिडत गाडी चालवली.

गाडी मात्र सुरेख चालली. अहमदपूरच्या अलीकडे ती आचके देऊन थांबली. नुसती उभी राहून राहून टाकीत कचरा साचला होता, एवढंच. क्रेनवाल्याला बोलावलं. त्याने आकडा सांगितला, मी निम्मा सांगितला. तो म्हणाला, मग ढकलत न्या. मी त्याच्या क्रेनबद्दल बोललो, तो माझ्या गाडीबद्दल बोलला, आणि क्रेन आली तशी निघून गेली. मग लातूरकडे निघालेला एक रिकामा ट्रक थांबवला. मातीच्या उंचवट्याला ट्रकची पाठ लावली, फळ्या टाकल्या, साखळी अडकवली आणि चार माणसांकडून गाडी वर ओढून घेतली. मधेच एक चाक फळीवरून घसरलं, साखळी पोटाखाली सरकली आणि 'कड्' असा आवाज झाला.

"फळी मोडली," मी म्हणालो. फळी कुणी उलटून पाहिली नाही. मीही नाही.

लातूरला टाकी धुतली, फिल्टर बदलला, इंजिन एका दमात चालू झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या फरशीवर लाल तेलाचं थारोळं होतं. मोंढ्यामागे एक मिस्त्री आहे. दालमिलच्या मशीन आणि जेसीबीचे गिअरबॉक्स खोलण्यात त्याची हयात गेली. तो गाडीखाली गेला आणि जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "शेठ, हाउसिंग फुटलंय." हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सचं वरचं ॲल्युमिनियमचं कवच. आतलं सगळं त्याच्याच आधारावर असतं. जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या पुण्याच्या एकाला फोन लावला. तो म्हणाला, ते कवच आता मिळत नाही, गाडी एखाद्या हॉटेलवाल्याला द्या, दारात शोभेला उभी करेल. मी फोन कापला.

मग जीप केली आणि नांदेडला गेलो. म्हातारा पोर्चमध्ये रोजच्या चार माणसांबरोबर बसला होता. मी फाटकातूनच सुरुवात केली. फुटकी गाडी गळ्यात मारली, जुन्या नोकराला फसवलं, म्हातारपणी तरी खरं बोलायचं होतं. बरंच बोललो. त्याने मला पूर्ण बोलू दिलं, मधे एकदाही तोडलं नाही. मला तेच जास्त लागलं.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "भेग जुनी निघाली तर गाडी परत घेतो अन् ह्या चौघांसमोर तुला हात जोडतो. नवी निघाली तर गाडी स्वतः चालवत हितं आण, अन् ह्यांच्यासमोरच सांग कुणी फोडली ते."

"सांगतो की," मी म्हणालो. परतताना मला 'कड्' आवाज आठवत होता आणि मी तो आठवू देत नव्हतो.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. एक जुनं धोतर अंथरून एकेक चकती, एकेक स्प्रिंग निघाली त्याच क्रमाने मांडली. रिकामं कवच टेबलावर आलं. कडेचा एक तुकडा हलत होता, तो त्याने अलगद मोकळा केला आणि उजेडात धरला.

भेगेचं एक टोक काळं होतं. जुन्या तेलाने, धुळीने काळं, किडलेल्या दातासारखं. बाकीची भेग पांढरीशुभ्र, नुकत्याच फोडलेल्या खडीसाखरेसारखी चमकत होती. मला कुणी सांगायची गरज नव्हती. जुनं काय आणि नवं काय हे ओळखण्यावरच माझं पोट आहे.

मिस्त्रीने खिशातून मोबाइल काढला. नांदेडचा सगळा तमाशा त्याच्या कानावर आला होता.

"शेठ, कोन्या बाजूनं फोटो काढू?"

"म्हंजे?"

"ह्या टोकाचा काढला तर म्हातारा खोटा पडतोय. त्या टोकाचा काढला तर तुमी."

खोटं कशाला सांगू, काळ्या टोकाचा फोटो मला मनातल्या मनात दिसला. तो चौघांसमोर धरलेला दिसला. म्हाताऱ्याचे जोडलेले हातही दिसले. अठ्ठावीस वर्षं मी त्या हातांची वाट पाहत होतो. पण पोत्यात वर नवी तूर आणि खाली जुनी भरून आणणाऱ्यांना मी मोंढ्यात जे जे बोललो आहे, तेही आठवलं. एकाचं तर अख्खं पोतं मी रस्त्यावर ओतलं होतं.

"अख्ख्या भेगेचा काढ," मी म्हणालो. "बाजूला माझी बोटं धरतो."

दोन्ही हातांची बोटं टेकवून पाहिली. भेग सहा बोटांची भरली. दोन बोटं काळी, चार पांढरी.

"फळी मोडली नव्हती," मी म्हणालो. मिस्त्रीला ती फळी माहीत नव्हती. त्याने विचारलंही नाही.

आता हे जोडायचं कसं, हा प्रश्न होता. त्याच्याकडे आर्गनचं वेल्डिंग होतं, हात होता. पण तो म्हणाला, हे ॲल्युमिनियम चाळीस वर्षं तेल प्यालंय. वर कितीही पुसलं तरी जाळ लागला की आतलं तेल उकळून वर येतं आणि वेल्डिंगला फोड धरतात. आधी सगळीकडून सारखी, सावकाश ऊब पाहिजे. एका जागी गॅसची नळी धरली तर बाजूला दुसरी भेग जाते. एवढी मोठी वस्तू सारखी तापवायला लातुरात काय आहे, याचा आम्ही दोघं विचार करत बसलो आणि समोरच्या रस्त्यावरून फुटाण्यांचा वास आला.

फुटाण्याच्या भट्टीत वाळू असते. ती एकसारखी तापते आणि तापली की लवकर निवत नाही. भट्टीवाली बाई माझ्याकडूनच हरभरा नेते. तिने कवचाकडे पाहिलं, वास घेतला.

"माझ्या फुटाण्याला तेलाचा वास लागला तर गिऱ्हाईक तुमच्या आडतीवर धाडू का?"

वाळू पूर्ण बदलून द्यायची, ही तिची अट. मी म्हणालो निम्मी देतो. तिने तोंड फिरवून झारा हातात घेतला. पूर्ण द्यावी लागली. वरून दुपारचं तिचं काम थांबलं त्याचा एक कट्टा हरभरा. त्या बाईसमोर माझा आवाज कधी चढलेला नाही.

वाळूचा एक कण जरी आत राहिला तरी गिअरबॉक्स कायमचा जाणार, म्हणून मिस्त्रीने पत्र्याची पेटी केली. कवच एका जाड लोखंडी पाटाला बोल्टने आवळलं, म्हणजे तापल्यावर वाकडं होऊ नये. पाटासकट ते पेटीत ठेवून पेटी वाळूत पुरली. बाईने मूठभर हरभरे वाळूवर टाकले, ते तडतडायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि जाळ कमी केला. थोड्या वेळाने कवचाला घाम फुटला. अंगातून तेलाचे थेंब वर येत होते. मिस्त्री पुसत होता, पुन्हा पेटी झाकत होता. तीन वेळा असं केल्यावर फडकं कोरडं निघालं. मग तिथेच, भट्टीच्या कडेला मशीन आणून, कवच गरम असतानाच त्याने तुकडा बसवून वेल्डिंग मारलं. नंतर पेटी पुन्हा वाळूत आणि जाळ बंद.

"आता हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "वाळू थंड होईल तवा हे थंड होईल."

चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर ओरडणारा मी त्या भट्टीसमोर पोत्यावर अख्खी दुपार बसलो. बाई मला मधून मधून फुटाणे देत होती, हाकलून द्यायचं राहून गेल्यासारखी.

कवच बाहेर आलं तेव्हा मिस्त्रीने जोडावर बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावली आणि ती वाळल्यावर आतून रॉकेल फासलं. कुठे केसाएवढी फट असती तरी पांढऱ्यावर ओली रेघ उमटली असती. आम्ही पाहत राहिलो. पांढरं ते पांढरंच राहिलं. मिस्त्री जोडावरून अंगठा फिरवत होता, मी त्याच्याकडे पाहत होतो. तो माणूस पुण्यात असता तर त्याला भेटायला आधी वेळ घ्यावी लागली असती.

आठ दिवसांनी गाडी चालवत नांदेडला गेलो. तीच वेळ, तीच चार माणसं. पोर्चमध्ये तिच्या जुन्या जागेवर गाडी लावली आणि बसायच्या आधीच सांगितलं: भेग सहा बोटांची, त्यातली चार बोटं माझी. क्रेनवाल्याशी भांडलो, साखळी मी लावली, फोडली मी. त्या दिवशी इथे जे बोललो त्यातलं बरंचसं चूक. मोबाइल चौघांच्या हातातून फिरवला. आवाज खाली गेला नाही.

चौघांपैकी एकाने विचारलं, मग ही दोन काळी बोटं कुणाची?

"मला काय माहीत," म्हातारा म्हणाला. "जुनी गाडी हाय."

मी वाद घातला नाही. म्हणालो, चला, एक चक्कर मारू. तो काठी टेकत आला आणि सवयीने मागचं दार उघडलं.

"पुढं बसा मालक," मी म्हणालो. "मागं बसायला मी आता तुमचा ड्रायव्हर न्हाई."

तो पुढे बसला. गिअर असे बदलत होते की कळत नव्हतं. वळणावर एक म्हैस आडवी आली आणि माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायला गेला. सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, म्हातारा डॅशबोर्डवर आदळता आदळता वाचला. अठ्ठावीस वर्षांनी त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते त्याला माझ्याइतकंच कळलं. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. काही बोलला नाही. ते मी लक्षात ठेवलं आहे.

परत आल्यावर गाडी पोर्चमध्ये घेतली. तो उतरला, काठी भिंतीला लावली, भिंतीशी उभा असलेला एक जुना पुठ्ठा ओढला आणि बोलता बोलता पायाने गाडीखाली सरकवला. नेमका गिअरबॉक्सच्या खाली. मग त्याच्या लक्षात आलं की मी पाहतोय.

"सवय," तो म्हणाला.

चहा आला. सगळ्यांनी सावकाश घेतला, मी सगळ्यात सावकाश. मग वाकून पुठ्ठा ओढला आणि चौघांच्या मधे टीपॉयवर ठेवला. त्यावर वर्षानुवर्षांचे थेंब होते, एकावर एक, तपकिरी पडलेले, सगळे एकाच जागी. नवा ओला थेंब एकही नव्हता. चौघं पुठ्ठ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. हात जोडा असं मी म्हणालो नाही. ते मला आता नको होतं.

निघताना पुठ्ठा काखेत मारला.

"ते कशाला न्हेतोस?" त्याने विचारलं.

"गाडीसोबतचं सामान हाय मालक," मी म्हणालो. "तसंच ठरलं होतं आपलं."

पुठ्ठा आता मिस्त्रीच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. गिऱ्हाईकाने विचारलं की मिस्त्री आधी जुने डाग दाखवतो, मग जोडानंतर त्यावर नवा थेंब पडला नाही हे सांगतो, आणि मग आपला भाव सांगतो. त्याच्याशी मी घासाघीस करत नाही.