निशाणाचा बैल

भुरीबाईला तांड्यात कुणी वाकडं बोलत नसे. बोलायची हिंमत नव्हती हे खरं, पण तिच्याबद्दल माया होती हेही तितकंच खरं. नवरा हरिसिंग वारल्यावर दीर म्हणाले, "शेत आमी करतो, तू बसून खा." तेव्हा ती म्हणाली होती, "बसून खायले मी काय देव हाये?" दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः वखर धरला. बाईनं औत धरलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी पुढं तिच्या शेतातली कपाशीची पऱ्हाटी पाहिली आणि गुमान आपापल्या वाटेनं गेले.

घाटंजीच्या पलीकडं, रानाच्या कडेला हा बंजाऱ्यांचा तांडा. सासऱ्याच्या काळापर्यंत ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत होती, आता शेतकरी होऊन एका जागी बसली होती. त्या जुन्या बैलांच्या वंशातला एकच बैल भुरीबाईकडं उरला होता. पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, नाव धोळ्या. त्याला तिनं वासरू असल्यापासून आपल्या पोरीच्या, गंगीच्या बरोबरीनं वाढवलं होतं.

त्रेसष्ट साली मोर देशाचा पक्षी ठरला आणि तांडा ज्या गटात येई, त्या बोरडोहच्या गटविकास अधिकारी साहेबांना चैन पडेना. देशाला पक्षी मिळतो, तर आपल्या गटाच्या निशाणावर एखादा प्राणी का नको? समिती बसली. लाकडाच्या ठेकेदाराला वाघ हवा होता, कारण वाघाचा रुबाब काही औरच. "रुबाब तुमचा अन् शेळ्या आमच्या," असं एक सभासद म्हणाला आणि वाघ तिथंच पडला. मोर तर देशानंच नेला होता. राहता राहिला बैल, आणि शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्यांत बैलाला नाही म्हणायची छाती कुणाची?

चित्रासाठी देखणा नमुना हवा म्हणून कचेरीचा शिपाई तांड्यावर आला. एका दिवसाचं काम, म्हणाला. भुरीबाई हरखली. सरकारनं तांड्याचा बैल निवडला! तिनं धोळ्याची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळ बांधली आणि स्वतः त्याला नेऊन दिलं. इथंच ती फसली. रहेमान पेंटरनं चित्र दिवसभरात पुरं केलं, पण बैल काही परत आला नाही. मोठे पाहुणे येऊन निशाण उघडणार होते, त्यांची तारीख पुढं ढकलली गेली होती. तोवर बैल कचेरीच्या आवारातच राहील, असा साहेबांचा हुकूम. आणि नवी तारीख पडली ती नेमकी गंगीच्या पाठवणीच्या दिवशी.

बंजाऱ्याची पोर सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि माहेरच्या घराला हवेली, म्हणजे पाठवणीचं गाणं, गाऊन निरोप देते. रडत गाते, घर भरलेलं राहो म्हणून आशीर्वाद देते. हवेली न गाता गेलेली पोर म्हणजे न सांगता घराबाहेर पडलेली पोर.

भुरीबाई साहेबांकडं गेली. साहेब हसले. "बाई, तुमच्या बैलाचा एवढा सन्मान होतोय आणि तुम्ही रडगाणं काय लावलंय?"

"रडगाणंच तं लावायचं हाये साहेब. त्याच्यासाठीच बैल पाह्यजे."

साहेबांनी मान फिरवली. घरी आली तर दीर धरमसिंग म्हणाला, "दुसरा बैल घेऊ. सरकाराशी कायले भांडून राह्यली?"

"दुसऱ्याच्या बैलावर उभी राहून माही पोर आपल्या घराचा निरोप घेईन? वा रे काका!"

पाठवणीच्या दिवशी तिनं नवरीला काचांच्या कशिद्यानं मढवलं, दीर आणि तांड्याच्या बाया घेतल्या, नवरदेव भावसिंग आणि त्याची माणसंही बरोबर घेतली आणि सगळं लग्नच बोरडोहच्या कचेरीत नेलं. मांडव सजला होता, निशाणाची पाटी उघडून पाहुणे खुर्चीत बसले होते. भुरीबाई कुणाला न विचारता सरळ आत गेली आणि तिनं खुंट्याचा कासरा सोडला. शिपाई धावला.

"हात तं लावून पाह्य," ती म्हणाली. शिपाई होता तिथंच थांबला.

साहेब उठले. "बाई, हा आता समितीच्या निशाणाचा बैल आहे."

"चित्र तुमचं. भिंतीवर टांगा, हार घाला, आरत्या करा. बैल माहा हाये."

"मी पोलीस बोलावीन."

"बोलवा. पोरीच्या पाठवणीले चार माणसं जास्त आली तं आमाले काही जड नाही."

पाहुण्यांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात दाबलं. साहेब लाल झाले, पण कासरा ओढून घ्यायला कुणीच पुढं आलं नाही. बैल त्या दिवशी भुरीबाईबरोबरच घरी गेला, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना साहेबांची काळजी वाटत असेल त्यांनी वाटून घ्यावी.

तांड्यावर परत जाण्याइतका पाठवणीचा मुहूर्त उरला नव्हता, म्हणून धरमसिंगनं पुतणीला तिथंच धोळ्याच्या पाठीवर उभं केलं. गंगीनं हात वर केले आणि सूर लावायच्या आधीच ती अडली. समोर कचेरीची भिंत, पाटीवरचा रंगीत बैल, खुर्च्या आणि अनोळखी तोंडं.

"याडी," ती आईला म्हणाली, "इथं आपलं घर कुठं हाये? मी कोणाले गाऊ?"

बैल मिळवायच्या भरात ही गोष्ट प्रत्येकाला तोंडावर उत्तर देणाऱ्या भुरीबाईच्या ध्यानातच आली नव्हती. पोर आता हवेली न गाता तशीच जाणार होती. मग तिनं कासरा दिराच्या हातात दिला, बैलाच्या समोर आली आणि कचेरीकडं पाठ करून उभी राहिली.

"मले गा," ती म्हणाली. "मीच तुहं घर हाये."

गंगीनं आईकडं पाहून पहिला सूर लावला. बाया रडू लागल्या, धरमसिंग रडला, शिपाईसुद्धा खांबाआड जाऊन डोळे पुसून आला. भुरीबाईनं मात्र गाणं संपेपर्यंत डोळ्याला ओढणी लावली नाही. आज रडायचं काम पोरीचं होतं, आणि घरानं उभं राहायचं होतं.