चुकलेली चाचणी

सुरुचीचा जन्म कोलकात्यातल्या बागबाजारचा. घरात मराठी असली तरी तिची जीभ बंगालीत वाढलेली. बँकेत अधिकारी असलेला अजेय बदलीवर कोलकात्याला आला, लग्न झालं, आणि त्याच्याबरोबर त्याची आई शकुनबाईही न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये आल्या.

गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यात सुरुचीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर आज ठीक आहे. पण रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड्स, फार वाढलेत. अशा बायकांना पुढे गरोदरपणातला मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. तूप-गोड कमी करा, रोज चाला. चोविसाव्या आठवड्यातली साखरेची चाचणी चुकवू नका."

घरी तिने सांगितलं, "आई, तूप कमी टाका. मला भीती वाटतो."

"वाटतो नाही, वाटते," शकुनबाई हसल्या. "आधी मराठी शीक, मग मला डॉक्टरी शिकव." त्या दिवसापासून भातावर दोन चमचे तूप जास्त पडू लागलं. ताट परत गेलं की त्या दोन दिवस बोलत नसत. अजेय म्हणे, "खा ना गं, घरात शांतता तरी राहील."

चाचणीच्या दिवशीच शकुनबाईंनी डोहाळजेवण ठरवलं. सुरुची रडली. "पाहुण्यांना काय सांगू, सून साखर मोजायला गेलीय?" शकुनबाई म्हणाल्या. मग पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा, असं करत चाचणी राहूनच गेली.

तेहतिसाव्या आठवड्यात ती चक्कर येऊन पडली. साखर दोनशे ऐंशी. इन्सुलिन सुरू झालं, पण उशिरा. मुलगी साडेचार किलोची झाली. जन्मताना खांदा अडकला, उजव्या हाताची नस ताणली गेली. हात लुळा पडला.

बारशाला शकुनबाई बायकांना सांगत होत्या, "बागबाजारची पोर! संदेश-मिठाईवाचून राहवतं का? लेकराचं वाटोळं केलं."

सुरुचीने जुना रिपोर्ट अजेयसमोर धरला. "सांग त्यांना."

"आता उकरून काय मिळणार? आईला वाईट वाटेल."

पुढे त्याची नागपूरला बदली झाली. तो आणि शकुनबाई गेले, हाताच्या उपचारांसाठी सुरुची माहेरी राहिली. सुरुवातीला तो दर रविवारी फोन करायचा. आता करत नाही. मुलगी दीड वर्षाची आहे. तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.