पडायला उभी केलेली मुलगी

“पाय जुळव. हात मागे घे. आता नीट पड,” सर म्हणाले, आणि मी उभी होते त्या ट्रॉलीला लाथ घातली.

मी पाठीवर पडले. कोपर फरशीवर आपटलं, मुंग्या थेट बोटांपर्यंत गेल्या. पोरं दात काढून हसली. मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं, “गिर गयी, गिर गयी.” सर फळ्याकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? पाय गाडीबरोबर गेले, धड होतं तिथंच राहिलं. हे विराम अवस्थेतलं जडत्व. आणि खाली कुणी ओढलं? गुरुत्वाकर्षणानं.”

बोईसरचा खाजगी क्लास. मी अकरावी सायन्सला, विक्रमगडकडची वारली पोर, होस्टेलला राहणारी. मला आणि आमच्याच होस्टेलच्या संगीताला सरांनी फुकट घेतलं होतं. उपकार होते ते, रोज ऐकवले जायचे. ट्रॉली तारापूरच्या कुठल्याशा कंपनीतली, केमिकलचे ड्रम हलवायची. नवीन बॅच आली की सर ती कोपऱ्यातून बाहेर काढायचे आणि माझ्याकडे बोट करायचे.

पहिल्या वेळी मी पडलेच नव्हते. गावी जाताना पिकअपच्या मागे उभं राहून जायची सवय. गाडीनं झटका दिला की गुडघे आपोआप वाकतात. ट्रॉली हलली, मी वाकले, उभीच राहिले. मला वाटलं, सर शाबास म्हणतील. कसलं काय. “प्रयोग बिघडवलास. जंगलातली माकडं तुम्ही, तुम्हाला पाडायचं तरी कसं?” तेव्हापासून पाय जुळवायचे, हात मागे घ्यायचे. म्हणजे न पडणं हीच माझी चूक, आणि मी बावळट ती सुधारत बसले.

मग प्रयोगाचा दुसरा भाग. मला ट्रॉलीवर उभं करून ट्रॉली जोरात ढकलायची आणि भिंतीला धडकवायची. गाडी थांबते, माणूस पुढे जातो. मी पुढे गेले. ओठ फाटला, पुढचा दात अर्धा तुटला. सरांनी फडकं दिलं. तोंडाला लावायला नाही, फरशी पुसायला. मी पुसली.

त्याच तासाला गुरुत्वाकर्षण. माझ्या तोंडात रक्ताची चव, आणि सर सांगतायत, “पृथ्वी भेदभाव करत नाही. हवेचा अडथळा नसेल तर हलकं असो, जड असो, सगळं सारखंच खाली येतं.” मी वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता डोक्यात तिडीक गेली. पृथ्वी सगळ्यांना सारखंच खाली आणते, तर पडायला दरवेळी मीच का?

पुढच्या बॅचला सरांनी बोट केलं, तेव्हा मी बाकावरून उठले नाही.

“नाय पडायचं मला, सर. नियम सगळ्यांना सारखा हाय ना? दुसऱ्या कोणाला उभं करा. नायतर पाण्याची बाटली ठेवा.”

“बाटली पडली तर पोरांच्या लक्षात राहत नाही,” सर म्हणाले. “आणि यांना लागलं तर यांच्या घरचे उद्या विचारायला येतील. तुझ्याकडून कोण येणार?”

कोणी नाही. आईबाप भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर होते. ते सरांना पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोट माझ्याकडे यायचं.

सर संगीताकडे वळले. “चल गं, तू ये.”

आणि ती उठली. ट्रॉलीवर चढायच्या आधीच हात मागे घेतले तिने. ते बघून माझ्या अंगाची आग आग झाली. मीपण अशीच उठायचे. मी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

“हिच्याकडून विचारायला मी आलेय,” मी सरांना म्हटलं. “मला सांगा, हिला का पाडताय?”

सरांनी दाराकडे बोट केलं. दोघींना बाहेर काढलं, उपकार संपले. बारावीला फिजिक्स नुसत्या पुस्तकावर केलं, जेमतेम सुटले. इंजिनिअरिंग गेलं. त्याचं दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. दात अजून अर्धाच आहे.

सर अजून तिथेच शिकवतात. जूनमध्ये होस्टेलच्या नव्या पोरी त्यांच्याकडे जातील. त्यांच्या आधी मी जाऊन बसणार आहे, पहिल्या बाकावर. हाकललं तरी उठणार नाही. ट्रॉली बाहेर निघाली तर तिच्यावर सर चढतील, पाय जुळवून, हात मागे घेऊन. ढकलणार मी.