बसस्टँडपासून साडेचारशे फेरे

शनिवारी दुपारी खलील सरांचा मेसेज आला होता, ‘मॅडम, नकाशा बघितला का?’ मी लातूरला लेकीकडं होते, नातवाला भरवत होते. वैतागून लिहिलं, ‘सोमवारी बघू.’ रविवारी सकाळी आमच्या शाळेच्या शिवराज शिपायांचा फोन आला तेव्हा पहिलं मनात हेच आलं, की या माणसानं आता शिवराजलाही मागं लावलं वाटतं. शिवराज म्हणाले, “मॅडम, सर न्हाई राहिले. नांदेडला दवाखान्यात नेतानाच वाटेत...” मी फोन ठेवला आणि मला रडू नाही आलं, राग आला. सोमवारी बघू म्हटलं होतं ना! दोन दिवस दम निघत नव्हता का या माणसाला?

आता दोन महिने होत आले, तरी राग गेलेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा हे समजेनासं झालंय. खलील सर कंधारच्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होते. त्यातली शेवटची नऊ मी मुख्याध्यापिका, म्हणजे नऊ वर्षं आमचं भांडण. प्रयोगशाळेच्या काचेच्या नळ्यांवरून, उशिरा भरलेल्या निकालपत्रकांवरून, आणि सगळ्यात जास्त ऑगस्टमधल्या त्या फेरीवरून. फेरीचं मूळ एका कटिंगच्या दुकानात आहे. टीव्हीवर युद्धाच्या गोष्टी चालल्या होत्या आणि वस्तरा हातात धरूनच न्हावी म्हणाला, एक अणुबॉम्ब टाकून द्यायला पाहिजे, विषयच मिटतो. बाकावरचे सगळे हाव हाव म्हणत माना डोलवू लागले. सर अर्ध्या दाढीनं उठून आले. खरंच, त्या दिवशी एक गाल गुळगुळीत आणि एकावर खुंट, असे पोरांसमोर उभे होते. मी हटकलं तर म्हणाले, “मॅडम, एक टाका म्हणणाऱ्याला एक म्हणजे किती, हे माहीत पाहिजे का नको?”

मग दरवर्षी सहा ऑगस्टला, हिरोशिमाच्या दिवशी, नववीचा वर्ग बसस्टँडवर. आदल्या दिवशी प्रत्येकानं चिठ्ठ्या लिहायच्या : सकाळी सव्वाआठला आपल्या घरातलं कोण कुठं असतं. आई नळावर, आजोबा चहाच्या हॉटेलात, ताई ट्युशनला. सरांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधलेली असायची. चिंधी वर आली की एक फेरा, साडेचारशे फेरे म्हणजे एक किलोमीटर. बॉम्ब बसस्टँडवर पडला असं धरायचं, सरांच्या नकाशातली वर्तुळंही तिथूनच काढलेली. बॉम्ब जुना, त्या काळातला. आत्ताचे कितीतरी पटीनं मोठे, ते धरले तर कंधार पुरणार नाही, असं ते सांगायचे. पोरं ओरडून फेरे मोजत निघायची. सव्वादोनशेला सायकल थांबायची. इथपर्यंत ज्यांच्या चिठ्ठ्या, त्या वाचायच्या आणि सरांच्या झोळीत टाकायच्या. या टप्प्यात जवळजवळ कुणीच राहत नाही. साडेचारशेला, उघड्यावर असलेले बहुतेक गेले, जाड भिंतीआड होते त्यातले थोडे राहिले. दोन किलोमीटरवर पाठ उघडी असेल तर पाठ भाजते, घरं पडतात, पण जगणाऱ्यांची संख्या वाढते. त्याच्याही पुढं काचा. तिथं पोहोचेपर्यंत मोजणाऱ्या पोरांचा आवाज बसलेला असायचा.

एकदा मी सोबत होते. एक पोरगी शेवटपर्यंत एक चिठ्ठी मुठीत धरून होती. खूश होऊन म्हणाली, “सर, माझे पप्पा वाचले. ते माल घेऊन देगलूरला गेलेत.”

“वाचले,” सर म्हणाले. “मग ऐकल्यावर ते काय करतील?”

“येतील ना. आम्हाला शोधायला.”

सरांनी तिला सांगितलं की हिरोशिमातही तसेच आले होते, बाहेरगावाहून, पहिल्याच दोन दिवसांत, आपली माणसं हुडकत. अंगावर ओरखडाही नसलेले. त्यातलेही कित्येक नंतर आजारी पडले... पोरीनं मूठ उघडली आणि चिठ्ठी सरांच्या झोळीत टाकली. मला तेव्हा वाटलं, एवढं कशाला सांगायचं लेकरांना?

गेल्या वर्षी बोंब झाली. बसस्टँडसमोरचे दुकानदार आधीच कुरकुरत होते, बॉम्ब दरवर्षी आमच्याच डोक्यावर का म्हणून. कापडवाला म्हणाला, धान्याच्या मोंढ्यात धरा. मोंढ्यातले म्हणाले, तहसीलवर धरा. हसण्यावारी गेलं असतं. पण मग एका पालकाचा फोन आला, की तुमचे हे सर लेकरांना भेकड बनवून राहिले, यांच्या मनात काय आहे ते आम्हाला कळतं. काय कळतं, हे मी विचारायला पाहिजे होतं. माझं नाव महानंदा, माहेर उदगीरचं, घरात शिवलिंगाची पूजा. हीच फेरी मी काढली असती तर असा फोन आला असता का? नसता आला. हे मला त्या क्षणी माहीत होतं आणि तरी मी सरांना बोलावून फेरी बंद केली.

ते एवढंच म्हणाले, “तुम्ही लई भेता, मॅडम.”

“भेते,” मी म्हटलं. “मला शाळा चालवायचीय.”

यंदा शाळा उघडली त्याच आठवड्यात ते नकाशाची गुंडाळी घेऊन आले. म्हणाले, नवा काढलाय, एकदा बघा, परवानगी द्यावीशी वाटेल. मी गुंडाळी कपाटावर ठेवली. रोज दिसायची. रोज मी मनात म्हणायचे, उद्या.

त्यांना माती देऊन आठ दिवस झाल्यावर ती काढली. तेच कंधार, तीच सुबक वर्तुळं. पण कंपासच्या टोकाचं भोक बसस्टँडवर नव्हतं. ते त्यांच्या स्वतःच्या घरावर होतं. पहिल्या वर्तुळात त्यांच्या बारीक अक्षरात त्यांच्या बायकोचं नाव, लेकीचं नाव, शेवटी स्वतःचं. आणि समासात : ‘आता कुणाची हरकत नसावी.’

सहा ऑगस्टला फेरी काढायचीच, असं मी ठरवलं. पण सरांच्या घरी भाभी इद्दतीत बसलेल्या, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच. त्यांच्या दारापासून बॉम्ब मोजायला पोरं कशी न्यायची? म्हटलं, केंद्र बदलू. प्रयोगशाळेतून त्यांचा कंपास आणला. बसस्टँड नको, मोंढा नको. मग माझं घर शोधलं. गल्ली सापडली, घर सापडलं. सव्वाआठला आमचे हे अंगणात पेपर वाचत असतात, सासूबाई तुळशीपाशी. टोक कागदापासून बोटभर वर धरलं... आणि खाली टेकवता येईना.

सहा ऑगस्ट तसाच गेला. नकाशा माझ्या टेबलावर पसरलेला आहे, चार कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवून. त्यावर भोक अजून एकच आहे.