जिन्यावरची खुर्ची आणि प्रभाकररावांचे संशयित

आमचे शेजारी प्रभाकरराव चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडलं की त्यामागे कुणाचा तरी हात असतोच, हे ते तिथे शिकले आणि निवृत्तीनंतर घरी घेऊन आले. दूध पातळ लागलं की दूधवाला, नेट बंद पडलं की मी. माझा काडीचाही संबंध नसतो, पण आता सवय झाली आहे.

त्यांच्या बायकोचे, अरुंधतीवहिनींचे, गुडघे गेले तेव्हा त्यांच्या मुलाने, सलिलने, लकडा लावला : मोशीचं हे रो-हाउस सोडा, माझ्या हिंजवडीच्या फ्लॅटवर या, तिथे लिफ्ट आहे. वहिनींना जायचं नव्हतं. पण त्यांची खोली, शिवणाचं मशीन, सगळं वरच्या मजल्यावर. मग प्रभाकररावांनी जिन्याच्या कडेने रुळावर चालणारी एक सेकंडहँड खुर्ची आणून बसवली. ती बॅटरीवर चाले, आणि खाली येऊन थांबली की रुळाच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांना टेकून आपोआप चार्ज होई. वहिनी ऐटीत वर-खाली करू लागल्या.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत खुर्ची जिन्यात मधेच अडकली, वहिनींसकट. आम्ही दोघांनी त्यांना धरून उतरवलं. तेव्हापासून त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागल्या. तक्रार एका शब्दाचीही नाही. मला ते फार लागलं.

प्रभाकररावांचा तपास सुरू झाला. आधी विकणारा : त्याने मेलेल्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या म्हणे. बॅटऱ्या काढून बाहेर चार्ज केल्या, तर ठणठणीत. मग चार्जर. त्याचा दिवा हिरवा. मग कामाला येणारी कस्तुरा, झाडताना प्लग काढते म्हणून. प्लगला चिकटपट्टी लावली, तरी खुर्ची पुन्हा बंद. मग माझ्याकडे रोखून बघून झालं. उरला सलिल, कारण तो दसऱ्याला येऊन गेला होता.

त्यांनी माझ्यादेखत फोन लावला. "आम्ही इथून हलावं म्हणून तूच काहीतरी करून गेलास ना?"

 सलिलने फोनच ठेवून दिला. वहिनी तोंड फिरवून बसल्या.

तरी हा माणूस थांबेना. मला टॉर्च धरायला लावून ते मीटर घेऊन रुळाशी बसले. चार्जरच्या वायरीत वीज होती, पट्टीवर मात्र लागेना. चिडून त्यांनी मीटरचं टोक पट्टीवर घासलं. लाल खपली उडाली आणि मीटरवर आकडा आला.

ते त्या खपलीकडे बघतच राहिले. कंपनीत खंडेनवमीला मशीनना हळदकुंकू लावायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच. त्याच भक्तीने त्यांनी यंदा खुर्चीलाही ओलं कुंकू लावलं होतं, चकाकती जागा बघून, दोन्ही पट्ट्यांवर. तपासात ती कुंकवाची बोटं रोज समोर दिसत होती. पण कुंकवावर संशय घ्यायचा हे त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पट्ट्या पुसल्या, खुर्ची चार्ज झाली. वहिनी येऊन तिच्यात बसल्या, पण बटण दाबेनात.

"आधी पोराशी बोला," त्या म्हणाल्या. "मग मी वर जाते."

सलिलला लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला.

"मुद्दाम उचलत नाहीये तो," प्रभाकरराव म्हणाले. मग वहिनींकडे बघून त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा नंबर लावला.