बटणबाई

गायनवृंदात तिला तोंडावर ‘धाकटी’ म्हणत आणि पाठीमागे ‘बटणबाई’. धाकटी, कारण वृंदाची संचालिका तिची सख्खी थोरली बहीण, सगळ्यांचीच ताई. आणि बटणबाई, कारण तिला वाजवता येई ते फक्त सी या पट्टीत. सी, एफ, जी आणि तोंडी लावायला ए मायनर, एवढ्या चार कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांच्या चार जुड्यांवर, तिचा संसार. गाणाऱ्यांना पट्टी वर हवी असली की ती कीबोर्डचं एक बटण दाबायची. बोटं जागच्या जागी, आवाज मात्र हवा तितका वर. सकाळी लॉन्ड्रीत इस्त्री, संध्याकाळी सभागृहात कीबोर्ड, अशी वीस वर्षं काढली बाईने!

बटणाची युक्ती ताईचीच. ताई रीतसर शिकलेली, परीक्षा दिलेली. धाकटीने सुरुवातीला विचारलं होतं, “बाकीच्या पट्ट्यांत कसं वाजवायचं गं?”

“त्याला डोकं लागतं आणि दहा वर्षं लागतात. तुला कशाला नसती उठाठेव? बटण दाब आणि वाजव.”

मग सभागृहात लाकडी पियानो आला. पियानोला कुठलं आलंय बटण? ताईने त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “यंदाच्या कार्यक्रमाला पियानोवर माझी सून बसेल. धाकटी तिची पानं उलटेल.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी दुसऱ्यांचे शर्ट इस्त्री करणाऱ्या बाईला संध्याकाळची ती एक खुर्चीच काय ती स्वतःची होती.

“माझी परीक्षा घे,” ती म्हणाली.

“घेते की,” ताई म्हणाली. “तीन आठवड्यांनी. इथेच, सगळ्यांसमोर. मग रडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पियानो सुरात लावणारा आला. त्याला दार उघडून द्यायचं काम अर्थातच धाकटीच्या गळ्यात. म्हातारा महातिरसट. एक सूर लावायचा, तिथून पाचवा लावायचा, त्याच्यापासून पुन्हा पाचवा. धाकटीला राहवेना.

“ओळीने का नाही लावत? उड्या कशाला मारता?”

म्हाताऱ्याने मान वर केली. “वाजवता म्हणे वीस वर्षं? पंचमांचं वर्तुळ ठाऊक नाही? मग इतकी वर्षं केलंत काय, माश्या मारल्यात?”

असं खेकसून त्याने शेजारी पडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणावर एक गोल काढला, घड्याळासारखा. “वर सी. सीपासून पाच मोजा. सी, डी, ई, एफ, जी. जी उजवीकडे मांडा. जीपासून पाच, म्हणजे डी. बीच्या पुढे काळ्या पट्ट्या, म्हणजे शार्प-फ्लॅट लागतात, तिथे सांभाळा. बारा घरं झाली की फिरून सी. आता सांगा, सीचे शेजारी कोण?”

डावीकडे एफ. उजवीकडे जी. धाकटी बघतच राहिली. अगं बाई, या तर तिच्याच कॉर्ड!

“कुठल्याही घरावर बोट ठेवा, डावा-उजवा शेजारी घ्या. गाणं घरातून निघतं, शेजाऱ्यांकडे जाऊन येतं, घरी परततं. मायनर हवी तर आत आणखी एक गोल काढा, ज्याची त्याच्या समोर. संपलं.”

“एवढंच?”

“मग काय हत्ती घोडे हवेत?”

आता तुम्हाला वाटेल, धाकटीला आनंद झाला. डोंबलाचा आनंद! ती झाकण मांडीवर घेऊन बसली आणि मनातल्या मनात ताईला शिव्या घालायला लागली. एका दुपारची गोष्ट, आणि ताईने वीस वर्षं दाबून ठेवली होती. परक्याने केलं असतं तर एक वेळ ठीक.

तीन आठवडे तिने कीबोर्डच्या बटणावर चिकट टेप लावून सगळं घोटलं. समजायला एक दुपार पुरली, पण बोटं काही केल्या ऐकेनात. नवरा वैतागून कानांत कापूस घालून जेवायला बसायचा.

परीक्षेच्या दिवशी सून पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसली होती.

“ई फ्लॅट,” ताई म्हणाली. धाकटीने डावीकडचा ए फ्लॅट घेतला, उजवीकडचा बी फ्लॅट घेतला, परत घरी आली. वृंद गायला.

“ए मेजर.” तेही झालं.

ताईचा चेहरा उतरला. “एफ शार्प,” ती म्हणाली. गोलाचा अगदी तळ. वृंद त्या पट्टीत जन्मात कधी गायला नव्हता. सून म्हणाली, “अहो आई, ते मलासुद्धा...” आणि ताईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

धाकटीने डोळे मिटले. डावीकडे बी, उजवीकडे सी शार्प. एकदा बोट घसरलं, भलतंच वाजलं, तिने शिवी गिळली आणि पुढे गेली. शेवटची कॉर्ड वाजली तेव्हा मागच्या रांगेत कुणीही हसत नव्हतं.

“कुणी शिकवलं तुला?” ताईने पियानोवर वाकून हळूच विचारलं.

“लावणाऱ्याने. एका दुपारी. तुला ठाऊक होतं ना, हे इतकं सोपं आहे?”

ताई म्हणाली, “होतं. शिकवलं असतं, तर वीस वर्षं माझ्या हाताखाली राहिली असतीस?”

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं.

“राहिले असते गं,” ती म्हणाली. “बहीण होतीस ना तू माझी.”